थांबआजोबांचा पूल

३ जानेवारी

गडबड्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी विचारायचं ते विचारतो, नाहीतर राहून जाईल. पुलावरच्या म्हाताऱ्याला तू का काढतोयस?

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. मागे एकदा उचललास तेव्हा माझं पहिलंच वाक्य अर्ध्यावर होतं आणि तू म्हणालास, "मामा, ठेवतो." पत्राचं तसं नसतं. तू ते मध्येच खाली ठेवलंस तरी माझं बोलून झालेलं असतं. पत्ता तुझ्या कंपनीचा, तुझ्या त्या खेळाच्या डब्यावरून घेतलाय. त्यावर मजला लिहिलेला नाही. इमारत मोठी असेल तर पत्र खालीच पडून राहायचं. फाटकावरच्या माणसाला सांगून ठेव.

मला हे कुठून कळलं ते सांगतो. आपल्या दुकानाला लागून घड्याळवाला होता, तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. चालवणारी बाई चाळिशीच्या अलीकडची, तोंडाने फटकळ, मनाने बरी. परवा भर दुपारी ती दुकान बंद करून निघाली. मी बाकावर बसून एका बॅगेची चेन बदलत होतो. मी म्हटलं, "थांब. कुलूप ओढून पाहिलंस? पाणी घेतलंस का बरोबर? ऊन फार आहे. आणि एकटीच निघालीस?"

बाई जागच्या जागी उभी राहिली.

"काका, परत बोला."

"काय परत बोलू?"

"थांब म्हणा."

मला वाटलं, हिला ऊन लागलं. मी म्हटलं, "थांब, बस जरा सावलीत." तर ती एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊन बाहेर आला. "तुम्ही थांबआजोबा आहात!"

मग तिने मला बसवून सगळं सांगितलं. तू आणि तुझे ते दोन मित्र आपल्या मागच्या खोलीत बसून जो खेळ बनवत होतात, 'उत्तरवाट', त्याचे आजवर सात भाग निघाले. सातही भागांत एक पूल आहे, पुलावर फाटक आहे, आणि फाटकाशी एक म्हातारा आहे. त्याचं नाव कुठेच दिलेलं नाही. तो 'थांब' म्हणतो म्हणून लोक त्याला थांबआजोबा म्हणतात. त्याचा आवाज माझा आहे.

मला ते आठवतं, पण गंमत म्हणून आठवतं. तुम्ही मला कागद दिलात वाचायला. माझी शाळा चौथीत सुटलेली. मी अक्षराला अक्षर जुळवत वाचलं, तर तुमचा तो दाढीवाला मित्र म्हणाला, "हा पहारेकरी नाही, हा पहिलीचा वर्ग आहे." मग तुम्ही नाद सोडलात आणि चहाला बाहेर निघालात. मी नेहमीसारखा दारात आडवा आलो. पाणी घेतलंस का, दोरी घेतलीस का, चाकाला हवा आहे का. आवाज भरायचं यंत्र चालू राहिलं होतं म्हणे. पुढे त्याचं काय झालं ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

आता आठवा भाग येतोय. तुमच्या कंपनीने जाहीर केलंय की पूल खुला राहील, कुणी कुणाला अडवणार नाही. आणि हे ठरवणारा तू आहेस म्हणे.

ताईला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी तू दारातून निघताना म्हणालास, "मामा, आयुष्यभर दारात उभं केलंस मला." तिला पोचवून आल्यावर आईबद्दल एक शब्द बोलला नाहीस, हे बोललास. आणि गेलास तो गेलास. म्हणून विचारतो. काढतोयस ते पुलावरच्या म्हाताऱ्याला की मला? दोन्हीतलं कुठलंही उत्तर चालेल. उत्तर न येणं मला सोसत नाही, हे तुला माहीत आहे.

आशीर्वाद. खिडकीजवळ झोपत असशील तर पायांवर पांघरूण घे.

मामा


१२ जानेवारी

गडबड्या,

पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो. पोचलं असेल आणि तू लिहिलं नसशील, तर तसं धरून चालायला मला अजून जमत नाही.

हल्ली रोज दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा चष्मेवाली मला तिच्या कॉम्प्युटरसमोर बसवते. डोळे तपासायच्या खुर्चीत, कारण दुसरी खुर्ची नाही. ती वाचते, मी ऐकतो. अक्षर मोठं करून दिलं तर मीही वाचतो. खेळणारे जिथे एकमेकांना लिहितात त्या जागेला फोरम म्हणतात. तुला ठाऊक असेलच, तिथे सध्या तुझ्याच नावाने खडे फोडणं चाललंय.

काय वाचलं ते तुला कसं सांगू? केवढी माणसं! एकमेकांना कधी न पाहिलेली, कुठली कुठली, आणि भांडतायत कशावरून, तर म्हाताऱ्याने पुलावर बसावं की उठावं यावरून. दोन तट पडलेत. थांबेवाले म्हणतात, आजोबा राहिलेच पाहिजेत. सुटेवाले म्हणतात, पुरे झालं आता.

पहिल्या भागात तो म्हातारा का होता ते मला तिथेच कळलं. तेव्हाची यंत्रं हळू. नदीपलीकडचा मुलूख पडद्यावर यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ खेळणाऱ्याला कुठेतरी खोळंबवून ठेवायचं होतं. म्हणून पूल, म्हणून फाटक, म्हणून मी. हे ऐकून मी जरा हिरमुसलो. म्हणजे मी भोकावरचं ठिगळ. मग म्हटलं, ठिगळ लावण्यावरच तर आपलं पोट चाललं. ठिगळ नीट बसलं तर बॅग दुसरीकडे कुठेही फाटते, तिथे फाटत नाही.

लोकांना प्रत्येक भागातला मी पाठ आहे. दुसऱ्या भागात यंत्रं सुधारली तरी तुम्ही मला ठेवलंत. तिसऱ्यात बसायला स्टूल दिलंत. चौथ्यात पैसे चारले की मी लगेच सोडतो असं केलंत, त्यावरून लोक अजून शिव्या घालतात. एकाने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "थांबआजोबा लाच घेणार नाहीत." कोण कुठला माणूस, आणि माझी हमी देतोय! पाचव्यात माझी वाक्यं निम्मी कापलीत, सहाव्यात परत जोडलीत, सातव्यात बटण दाबलं की मी गप्प. सुटेवाले म्हणतात, "असं अर्धंमुर्धं करण्यापेक्षा एकदाचे काढा." थांबेवाले म्हणतात, "तडजोडी करून करून आजोबांचं पोतेरं केलंत." मला दोघांचं पटतं. एकाचं वाचलं की त्याचं, दुसऱ्याचं वाचलं की त्याचं. चष्मेवाली म्हणाली, "काका, तुम्ही न्यायाधीश झालात तर दोन्ही पक्ष जिंकून घरी जातील."

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. "एकटाच निघालास?" असं विचारल्यावर मी अडखळतो आणि मग "बरं" म्हणतो. तेवढ्या अडखळण्यावर त्या लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. आजोबांचं कुणीतरी पूल ओलांडून गेलं आणि परत आलं नाही, असं त्यांचं म्हणणं. कुणी म्हणतं मुलगा, कुणी म्हणतं भाऊ. एक बाई म्हणते, "गेलेला माणूस घाईत होता. म्हणून आजोबा घाई करणाऱ्यालाच जास्त बोलतात, तपासून पाहा." आणि लोकांनी तपासून पाहिलं. खरंच तसं आहे म्हणे.

मी चष्मेवालीला म्हटलं, "अगं, कसला मुलगा आणि कसला भाऊ? मी दातात दोरा धरला होता, म्हणून शब्द अडकला." ती हसून हसून लाल झाली. मीही हसलो. मग दुकानात येऊन मशीनवर बसलो, तर टाका सरळ पडेना. तुझे वडील सायकल काढून निघाले त्या सकाळी मी याच बाकावर होतो. ते घाईत होते. मी कामात होतो. तू तेव्हा रांगत होतास, तुला काय आठवणार. ट्रक यायचा तो आलाच असता, मी बोललो असतो तरी. हे मला लाख वेळा समजावून झालंय.

दोरा खरा आहे रे. पण ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांना दोऱ्याच्या आतलं कसं कळलं? 

मामा


२० जानेवारी

गडबड्या,

मी नापास झालो.

झालं असं की त्यांचं भांडण मला बघवेना. चष्मेवालीने मला फोरमवर नाव घेऊन दिलं, 'बॅगवाला'. एका बोटाने एकेक अक्षर दाबत मी लिहिलं. ते असं: "नमस्कार. पुलावरचा आवाज माझा आहे. माझ्यावरून भांडू नका. ऊन फार आहे, पाणी पीत जा. खेळात फार वेळ बसत असाल तर मध्ये उठून पाय मोकळे करा. निजण्याआधी दाराचं कुलूप ओढून पाहा."

मला वाटलं, लोक विचारतील कसे आहात, काय करता. तर पहिलंच उत्तर आलं, "आला आणखी एक थांबआजोबा."

असे तोतये पुष्कळ येतात म्हणे. म्हणून त्यांनी परीक्षाच ठेवलीय. एकाने विचारलं, "स्टुलाखाली काय असतं?" मी खरं ते लिहिलं, की माझ्या स्टुलाखाली चेनच्या रनरांचा डबा असतो. चूक. मांजर असतं. मी लिहिलं, मला मांजर चालत नाही, शिंका येतात. त्यावर लोकांनी हसणारी तोंडं धाडली. दुसऱ्याने विचारलं, "आजोबा फाटक कुठल्या हाताने उघडतात?" मी म्हटलं, उजव्या. चूक. सहाव्या भागापासून डाव्या, कारण उजवा खांदा दुखतो. बघ, माझा खांदा दुखतो हे मला सोडून सगळ्यांना माहीत! तिसऱ्याने निकाल दिला, "आजोबा, आधी पहिला भाग खेळून या, मग तोतयेगिरी करा."

चष्मेवाली संतापली. "मी लिहिते त्यांना, हे खरेच आहेत म्हणून." मी म्हटलं, राहू दे. तिथे दुसरा एक जण होता, कुठल्यातरी कारखान्यात कामाला असणारा. तो सगळी उत्तरं बरोबर देत होता, माझ्या ढंगात बोलत होता, एकेकाची चौकशी करत होता. लोकांनी त्याला खरा ठरवलं. मी वाचून पाहिलं. गडबड्या, तो माझ्यापेक्षा चांगला मी आहे. मी विचारतो ते माझ्या जिवाची घालमेल होते म्हणून. तो दुसऱ्याच्या जिवासाठी विचारत होता.

एकीने मात्र मला नीट उत्तर दिलं. ती सुटेवाली. तिचं मूल आजारी असतं, ते झोपतं तेवढाच वेळ तिला खेळायला मिळतो. तिने लिहिलं, "तुम्ही खरे असा नाहीतर खोटे. थांबआजोबांवर माझा जीव आहे. पण इतक्या वर्षांत ते मला एकदाही 'जा' म्हणाले नाहीत. बोलायचं संपतं, ते गप्प होतात आणि फाटक उघडतं. मी दर वेळी चोरासारखी निघते. त्यापेक्षा पूल खुला बरा."

हे वाचलं आणि मी कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं.

मी कधी कुणाला 'जा' म्हटलंय का, हे दोन दिवस आठवतोय. गिऱ्हाइकांना म्हटलं असेल. तुला म्हटल्याचं आठवत नाही. तुला आठवतं का?

मामा


२९ जानेवारी

गडबड्या,

मी पूल ओलांडला.

काल दुकानांना सुट्टी होती. चष्मेवाली मुद्दाम आली, शटर अर्धं वर केलं आणि मला बटणांचं ते यंत्र हातात देऊन म्हणाली, "काका, आता पहिला भाग. परत नापास व्हायचं नाही."

सुरुवातीला फजितीच झाली. मी भिंतीत चालत होतो. विहिरीत पडलो. मग पहिल्याच गावातून माझा पाय निघेना. मला वाटे, दोरी नाही, पाणी नाही, अंगावर धड कपडा नाही, असं कसं निघायचं? गावातल्या सगळ्यांना विचारून झालं, सगळी मडकी उघडून झाली. चष्मेवाली म्हणाली, "काका, लोक दोन मिनिटांत निघतात या गावातून." मी म्हटलं, "म्हणूनच मरतात." "तुम्ही मेलात विहिरीत, तेही गावातच." हिच्यापुढे कोण बोलणार?

शेवटी नदी आली. लाकडी पूल, फाटक, आणि फाटकाशी तो. तुम्ही त्याला दाढी दिलीत, मला कधी दाढी नव्हती. मी जवळ गेलो आणि तो म्हणाला, "थांब."

गडबड्या, माणसाला आपला आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते. आधी वाटलं, हा कोण तरणा माणूस? मग कळलं, तो मी. किती घाबरलेला होतो रे मी! पाणी घेतलंस का, दोरी घेतलीस का, चाकाला हवा आहे का. त्या जगात चाकच नाही आणि हा हवेचं विचारतोय! मी बटण दाबतोय, पाय हलत नाहीत. तो बोलतोच आहे. आणि मी मोठ्याने म्हणालो, "सोड रे बाबा, कळलं, सोड आता." चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, हे तिचे उपकार.

मग मी त्याच्याकडे बघायचं सोडून पलीकडे पाहिलं. पलीकडे नुसता करडा पडदा होता. तो बोलत होता आणि त्या पडद्यावर एक रेघ उठली. रेघेचा डोंगर झाला. डोंगरावर झाडं आली, एकेक करत, कुणी हाताने लावावीत तशी. मग एक वाट. वाटेच्या टोकाला घर, घरातून धूर. म्हातारा विचारत होता, "एकटाच निघालास?" आणि त्याच्या पाठीमागे अख्खा मुलूख उभा राहत होता. त्याला ते दिसत नव्हतं, कारण त्याचं तोंड माझ्याकडे. मी उघड्या तोंडाने बघत बसलो. मला वाटत होतं मी तुम्हाला अडवत होतो. तुम्ही त्या मागच्या खोलीत बसून, माझ्याच बोलण्याच्या आडोशाने, एवढं मोठं काही उभं केलंत!

आणि मग नदी ऐकली.

चष्मेवाली म्हणाली, या नदीच्या आवाजाचं लोकांना फार कौतुक. सातही भागांत हाच ठेवलाय, बदलला की लोक लगेच ओळखतात. मी म्हटलं, "आवाज वाढव." तिने वाढवला. गडबड्या, ती नदी नाही. ती ताई आहे. मी दारात बोलतोय आणि ती नळ सोडून मागच्या मोरीत भांडी घासतेय. मध्ये एकदा टण् असं वाजतं, लोक म्हणतात पुलाची साखळी. ते पातेलं आहे. तिला मी हजारदा सांगितलं होतं, नळ एवढा मोठा सोडू नकोस.

मी चष्मेवालीला हे सांगितलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. आम्ही दोघं पुलावर उभे होतो, फाटक केव्हाच उघडलं होतं, आणि कुणीच पुढे गेलं नाही.

तुला हे ठाऊक होतं. इतकी वर्षं तुला ठाऊक होतं.

मामा


४ फेब्रुवारी

गडबड्या,

काल तुझा फोन आला. मी फार बोललो नाही म्हणून तुला वाटेल मला राग आहे. राग नव्हता. तू बोलत होतास आणि ते थांबू नये एवढंच मला वाटत होतं. मी तसा कधी गप्प बसलो नव्हतो. चष्मेवाली काउंटरमागून खुणा करत होती, "बोला, बोला," आणि मी तिला हातानेच गप्प करत होतो.

तू हसत होतास. "मामा, फोरमवर हजार लोकांना कुलूप ओढून पाहा म्हणून सांगणारा दुसरा कोण असणार? एक ओळ वाचली आणि कळलं. वर नापास झालास!" कित्येक दिवसांनी तुझं हसणं ऐकलं. मग तू म्हणालास की पत्रं पहिल्या दिवसापासून मिळतायत, टेबलावरच आहेत, आणि उत्तर लिहायला घेतलं की हात थांबतो.

तू जे सांगितलंस ते मी परत लिहितो. बरोबर समजलो का ते बघ. जुना आवाज नव्या यंत्रांवर फाटका वाटतो. तो स्वच्छ करता येतो, पण स्वच्छ करायचा म्हणजे माणसाचा आवाज ठेवायचा आणि मागची खरखर पुसायची. त्या यंत्राला ताईचा नळ म्हणजे खरखर. तुमच्या माणसांनी पुसून तुला ऐकवलं. मी लख्ख ऐकू येत होतो, आणि मागे काही नव्हतं. तू म्हणालास, "मामा, कुणीतरी खोली रिकामी केल्यासारखं वाटलं." मग दुसरा नट आणलात. नट चांगला होता. तिसऱ्या शब्दाला तू उठून बाहेर गेलास. मग तुला वाटलं, यापेक्षा पूल खुला ठेवावा. कुणी काही विचारलं तर सांगावं, काळ बदलला, लोकांना घाई असते.

आणि मी इथे बसून समजत होतो, भाच्याने मला काढलं.

मी विचारलं, "मग मला का नाही बोलावलंस? मी परत बोललो असतो." तू मग म्हणालास, "त्या दिवशी दारात जे बोललो, त्यानंतर कुठल्या तोंडाने बोलावू?" आणि मग लगेच म्हणालास, "आता बोलावतोय. येशील?"

मी म्हणालो, कळवतो. माझं हे असंच. सरळ 'हो' म्हणायला काय झालं होतं? पण गाडी कुठली, जेवणाचं काय, दुकान कोण बघणार, तिथे थंडी असते का, हे सगळं एकदम डोक्यात आलं. मला थोडे दिवस दे.

मामा


११ फेब्रुवारी

गडबड्या,

येतो. गाडीचं चष्मेवालीने बघून दिलंय, दुकानावर लक्षही तीच ठेवणार. इस्त्रीवाला म्हणतो, "तुम्ही जाणार? तुम्ही? मग आता कुणीही कुठेही जाऊ शकतं."

पण येण्याआधी माझं म्हणणं ऐकून घे, कारण समोर आलो की मी दुसरंच काहीतरी बोलत बसेन.

मला फाटकाशी परत बसवू नकोस. मी दोन्ही बाजूंचं सगळं वाचलंय. थांबेवाल्यांना म्हातारा हवा आहे, सुटेवाल्यांना वाट हवी आहे. पहिल्या भागात मी अडवत होतो कारण पलीकडे काही तयार नव्हतं. आता तयार आहे. तयार असलेल्या मुलखासमोर माणसाला अडवून धरणं म्हणजे नुसती खोड. पण स्टूल रिकामं ठेवून लोकांना हुरहुर लावू नकोस. त्याला उठव. एवढी वर्षं बसलाय, पाय आखडले असतील. खेळणारा पुलावर आला की म्हाताऱ्याने उठावं, फाटक उघडावं आणि त्याच्याबरोबर चालायला लागावं. पूल संपेपर्यंत. ज्याला घाई असेल त्याने पळत पुढे जावं, म्हातारा मागून येईल आपल्या चालीने. ज्याला घाई नसेल त्याने सोबत चालावं.

चष्मेवालीला हे सांगितलं तर म्हणाली, "काका, दोन्ही तट ओरडतील." मी म्हटलं, ओरडू देत. एवढं मनापासून ओरडणारी माणसं कुणाला मिळतात?

आणि त्याने बोलू नये. तुम्ही निघून गेल्यावर यंत्र किती वेळ चालू राहिलं होतं ते शोध. माझं बोलणं संपल्यावर ताईची भांडी काही लगेच संपली नसणार. तिथे माझा आवाज नाही, नुसतं पाणी आहे. ते पुसू नका. तेवढं पुलावर वाहू दे. मी बोलत राहिलो म्हणून इतकी वर्षं ते कुणाला नीट ऐकू आलं नाही.

मग तू विचारशील, मग मामा, तुला इतक्या लांब बोलावू कशाला? खरं सांगतो. तुझा फोन आल्यापासून बाकावर बसून मी ठरवायला बघत होतो की चालताना म्हाताऱ्याने काय म्हणावं. एक वाक्य सुचलं नाही. मला येतं ते सगळं दारातलं. निघणाऱ्याला काय बोलायचं ते मला पाठ आहे, बरोबर चालणाऱ्याशी काय बोलतात ते मी शिकलोच नाही. तुझ्या वडिलांबरोबर कधी चाललो नाही. ताईबरोबर बाजारापर्यंतसुद्धा नाही, ती पुढे आणि मी दुकानात. तुझ्याबरोबर तर नाहीच.

म्हणून येतोय. गाडीतून उतरलो की रिक्षा वगैरे करू नकोस. तुझं घर जिथे असेल तिथवर चालत जाऊ. बॅग मी घेईन, ती मीच शिवलेली आहे. मी काही विचारणार नाही.

तू आधी बोल.

मामा